ज्यांना गाव नव्हतं, त्यांचं गाव

पुण्यात भाड्याचं घर शोधत असाल, तर तीन प्रश्नांची तयारी ठेवावी लागते. जॉब कुठे करता? गाव कुठलं? आणि पूर्ण नाव काय?

पहिल्या प्रश्नात मी फ्रीलान्सर असल्यामुळे अर्धे मार्क जातात. दुसऱ्यात मात्र धमाल येते. "आखाडा बाळापूर," मी सांगते. "बाळापूर म्हणजे अकोल्याचं, किल्लेवालं?" नाही हो, ते वेगळं. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रोडवरचं. "आखाडा म्हणजे तुमच्याकडे सगळे पैलवान का?" इथे दोघांनी हसायचं असतं. बर्फ फुटतो, चहा येतो.

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हसत नाही. मागच्या वर्षी एका एजंटने माझं आडनाव ऐकलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ओनरशी बोलून सांगतो." दोन दिवसांनी मीच फोन केला, तर फ्लॅट गेला होता. दोन महिने त्याच फ्लॅटची जाहिरात मला दिसत राहिली. तुमच्यापैकी काहींना हा अनुभव पाठ असेल. काहींना तो कधीच आला नसेल. गंमत म्हणजे आपण सगळे एकाच ऑफिसमध्ये, एकाच टेबलावर डबा खातो.

दिवाळीत गावी गेल्यावर हा किस्सा मी काकांना सांगितला. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू पेपरात लिहितीस ना? मग परत जाताना जालन्याला उतर. तिथं एका माणसानं दीडशे वर्षांखाली ह्याच प्रश्नावर अख्खं गाव वसवलंय. बेथेल म्हणतात."

मराठवाड्यात वाढले, मास कॉम केलं, आणि बेथेलचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. बॅग भरली.

वाटेत औंढा

आमच्याकडून जालन्याला जायचं तर रस्ता असा: हिंगोली, औंढा नागनाथ, जिंतूर, मंठा आणि जालना. खिडकीतून हळदीची शेतं दिसतात. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, त्यामुळे आता आम्हीही थोडा भाव खातो.

औंढ्याला गाडी थांबली की देवळात जायचंच, असा घरचा नियम. काळ्या दगडाचं, नखशिखान्त कोरलेलं हे देऊळ आणि त्याची ती प्रसिद्ध कथा. संत नामदेव इथे कीर्तनाला उभे राहिले. त्यांना समोरून हटवून देवळाच्या मागे जायला सांगितलं. ते मागे गेले आणि तिथेच गाऊ लागले. मग देऊळच फिरलं आणि देवाने तोंड त्यांच्याकडे केलं. नामदेवांचं नरसी इथून फार लांब नाही, त्यामुळे आमच्या भागातल्या प्रत्येक पोराने ही कथा आजीकडून ऐकलेली असते.

लहानपणी मला देऊळ फिरलं याचंच नवल वाटायचं. या वेळी पहिल्यांदा वाटलं, मुळात त्यांना मागे जा म्हणणारं कोण होतं? आणि ज्यांच्यासाठी देऊळ फिरलं नाही, त्यांचं काय झालं?

दोन भाऊ

बेथेल वसवणाऱ्या माणसाचं नाव नारायण शेषाद्री. त्याची गोष्ट जालन्यात नाही, मुंबईत सुरू होते. साल १८४३. ब्राह्मण कुटुंबातला हा तरुण स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. आज आपण म्हणू, त्याचा पर्सनल चॉइस. तेव्हा तसं नव्हतं. धर्म बदलला की घर सुटायचं, जात सुटायची आणि वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्कही जायचा. असा हक्क जाऊ नये म्हणून कायदा आला तो १८५० साली, म्हणजे सात वर्षांनी.

पण खरं वादळ उठलं ते त्याच्या धाकट्या भावावरून. श्रीपत, वय साधारण बारा. तो भावापाठोपाठ मिशनऱ्याच्या घरी राहायला गेला. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण तिथलं अन्न खाल्लं होतं. वडील कोर्टात गेले. मुलाला अजून कळण्याचं वय नाही, असं म्हणत कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. मुलगा घरी आला, पण जातीत येईना. परक्याच्या घरी जेवलेल्या पोराला पंक्तीत घ्यायचं की नाही, यावर मुंबईतली ब्राह्मण मंडळी दुभंगली. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, अशी बाजू ज्यांनी घेतली त्यात एक नाव आपल्या ओळखीचं आहे: 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आम्ही त्यांची जयंती साजरी करायचो, हार घालायचो, फोटो काढायचो. एका बारा वर्षांच्या मुलाला परत पंक्तीत बसवण्यासाठी त्यांनी स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेतला होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

या गोष्टीत व्हिलन शोधायचा मोह होतो. मी बराच शोधला. एक बाप आहे, ज्याचा एक मुलगा गेला आणि दुसरा कोर्टाच्या पायरीवरून परत आणावा लागला. एक मोठा भाऊ आहे, जो आपल्या मनाला पटलं ते करून बसलाय. आणि एक लहान मुलगा आहे, जो जेवला. एवढंच. तो फक्त जेवला.

मला वाटतं, नारायण शेषाद्रींना पुढच्या आयुष्याचा प्रश्न इथेच मिळाला असावा. एका जेवणाने माणूस जातीबाहेर जात असेल, तर जे जन्मापासूनच पंक्तीबाहेर आहेत त्यांनी जायचं कुठे?

जालनाच का?

नारायण शेषाद्री मुंबईत रमू शकले असते. इंग्रजी उत्तम, शिक्षकाचं काम हाताशी. १८५०च्या दशकात त्यांना पाळक म्हणून दीक्षाही मिळाली होती. म्हणजे आजच्या भाषेत, सेटल होण्याची सगळी सोय होती. ते १८६०च्या दशकात थेट निजामाच्या राज्यात, जालन्यात आले.

तेव्हाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. मराठवाडा इंग्रजांच्या नाही, हैदराबादच्या निजामाच्या ताब्यात होता आणि तो १९४८ पर्यंत तसाच राहिला. पण 'हैदराबाद काँटिंजंट' नावाच्या इंग्रज अंमलाखालच्या फौजेच्या छावण्या जागोजागी होत्या. त्यातली एक जालन्याला आणि एक आमच्या हिंगोलीला. १९०३ साली या छावण्या उठल्या. छावणी असली की बाजार आला, कारागीर आले, बाहेरून येणाऱ्याला पाय ठेवायला जागा झाली. जालन्याची पेठ तर आधीपासून मोठी होती. म्हणूनच पालना-जालन्याची म्हण अजून आमच्याकडे आजीच्या तोंडी असते.

शेषाद्रींचं काम मुख्यतः मांग आणि महार समाजातल्या लोकांमध्ये होतं. गावाच्या वेशीबाहेर घर. विहिरीला हात लावायचा नाही. जमीन नाही. गावकीची कामं मात्र चुकत नाहीत. अशा माणसाने धर्म बदलला, तर काय बदलत होतं? घर वेशीबाहेरच राहत होतं आणि विहीर तीच, बंद. उलट गावातलं जे थोडंफार काम आणि धान्य मिळत होतं, तेही बंद होण्याची भीती.

शेषाद्रींना हे कळलं, हे त्यांचं वेगळेपण. नुसतं प्रवचन देऊन भागणार नाही, या माणसांना पाय रोवायला जमीन लागेल.

सालारजंगची जमीन

इथे गोष्टीत एक अनपेक्षित माणूस येतो. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग. १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाच्या राज्याचा गाडा त्यांनी हाकला. त्यांच्याच घराण्याच्या संग्रहाचं म्युझियम आपण हैदराबाद ट्रिपमध्ये बिर्याणीच्या आधी उरकतो. या सालारजंगांनी शेषाद्रींना जालन्याजवळ गाव वसवायला जमीन दिली आणि काही वर्षांचा सारा माफ केला.

जरा चित्र बघा. जन्माने ब्राह्मण असलेला ख्रिस्ती पाळक, मुसलमान राज्याच्या दिवाणाकडे, मांग-महारांच्या गावासाठी जमीन मागतोय आणि दिवाण ती देतोय. आजच्या कुठल्याही टीव्ही डिबेटमध्ये ही माणसं एका फ्रेममध्ये बसणार नाहीत.

गावाला नाव दिलं बेथेल. हिब्रू शब्द आहे, अर्थ 'देवाचं घर'. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात तो येतो. याकोब नावाचा तरुण भावाच्या रागाला घाबरून घर सोडून पळतो. रात्र होते. उघड्यावर, उशाला दगड घेऊन तो झोपतो आणि स्वप्नात त्याला कळतं की देव इथेही आहे. त्या उघड्या जागेला तो बेथेल म्हणतो. घरातून बाहेर पडलेल्या माणसाने, घराबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी, हे नाव निवडावं. मला तर हे नाव वाचूनच गाव कळलं.

गावात काय होतं? प्रार्थनेची जागा होती, हे आलंच. शेती होती. विहीर होती. शाळा होती, हातकामाचं शिक्षण होतं. यादी साधी वाटते ना? एकेक शब्द परत वाचा. शेती, म्हणजे ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्यांच्या हातात नांगर. विहीर, म्हणजे वरून कुणीतरी ओतेल म्हणून ओंजळ धरून उभं न राहता स्वतः दोर सोडून पाणी काढणं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली. महात्मा फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद खुला केला १८६८ साली. बेथेल वसलं ते फुल्यांच्याच काळात, निजामाच्या राज्यातल्या एका कोपऱ्यात. आणि योगायोग असा की फुलेही स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकलेले, १८४१ ते १८४७, पुण्यात.

अजून एक गोष्ट. हे चर्च प्रेस्बिटेरियन पद्धतीचं होतं. नाव अवघड आहे, सिस्टीम सोपी. पाळक एकटा बॉस नाही. मंडळीतून वडीलजन निवडायचे आणि पाळकाने त्यांच्यासोबत बसून कारभार चालवायचा. ज्यांना गावच्या चावडीची पायरी चढता येत नव्हती, अशा माणसांसाठी ही पद्धत म्हणजे काय असेल, याचा विचार करा. मीटिंगला कंटाळणाऱ्या आपल्या पिढीला ते कळायला जरा जड जातं.

न्यूयॉर्कमधला पागोटेवाला

१८७३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या प्रोटेस्टंट चर्चची मोठी परिषद भरली. त्यात नारायण शेषाद्री बोलले. सूट-टायमध्ये नाही, आपल्या देशी वेशात, डोक्याला पागोटं बांधून. तिकडच्या लोकांना त्यांचं इंग्रजी ऐकून आश्चर्य वाटलं आणि पागोटं पाहून कौतुक. स्कॉटलंड, अमेरिका असे दौरे करून त्यांनी आपल्या कामासाठी आधार उभा केला. क्राउडफंडिंग हा शब्द तेव्हा नव्हता, काम मात्र होतं.

पासपोर्टच्या रांगेत आपण वैतागतो. या माणसाने बोटीने जग पालथं घातलं ते मराठवाड्यातल्या एका छोट्या गावासाठी. १८९१ साली त्यांचं निधन झालं.

मग सगळं छान झालं का?

नाही. आणि हे सांगितलं नाही तर लेख खोटा ठरेल.

अशा गावांवर तेव्हाही आरोप झाला आणि आजही होतो: पोटासाठी धर्म बदलला. मी हा आरोप हलका घेत नाही. मदत देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. दुष्काळात तर फारच. माणूस दाण्यासाठी गेला की देवासाठी, हे त्याचं त्यालाही नेहमी सांगता येणार नाही. पण मला एक कळत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी मिळालं नाही, तो पाणी देणाऱ्याकडे गेला, तर जाब नक्की कुणाला विचारायचा? जाणाऱ्याला, की आधी पाणी न देणाऱ्याला?

दुसरी गोष्ट, जात वेशीवर थांबत नाही. ती आत येते. भारतातल्या चर्चमध्येही ती आली. लग्न जमवताना, कधी दफनभूमीतसुद्धा. आणि सरकारदरबारी वेगळाच पेच झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्यात जागा मिळाली नाही. हा प्रश्न तपासायला केंद्र सरकारने २०२२ साली आयोग नेमला. म्हणजे गंमत बघा, शेजारी म्हणतो तुझी जात आम्हाला माहीत आहे, आणि सरकारी कागद म्हणतो तुला जात नाही.

स्कॉटिश मिशनचं चर्चही बदलत गेलं. वेगवेगळ्या पंथांची चर्च हळूहळू जवळ आली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. परदेशी पाळक गेले. देणग्या आटल्या. उरली ती माणसं, आणि त्यांची रविवारची सकाळ.

रविवारी, नऊ वाजता

आजचं जालना म्हणजे स्टीलच्या कारखान्यांचं आणि बियाण्यांच्या कंपन्यांचं शहर. स्टँडवर उतरलं की धूळ, रिक्षा आणि मोसंबीच्या गाड्या. मी रविवारी सकाळी उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसले. सिनेमात पाहिलेलं चर्च डोक्यात होतं: ऑर्गन, मेणबत्त्या, इंग्रजी. इथे पेटी होती, तबला होता आणि चाल अशी की डोळे मिटले तर हरिपाठाला बसल्यासारखं वाटावं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती भजनाला अभंगाचं वळण दिलं, हे पुस्तकात वाचलं होतं. कानाने कळलं ते त्या दिवशी.

प्रार्थना कशासाठी होत्या? दहावीला बसलेल्या मुलांसाठी. पुण्याला कंपनीत लागलेल्या कुणाच्या तरी मुलीसाठी. आजाऱ्यांसाठी. पावसासाठी. म्हणजे माझ्या आईच्या देवघरात असतात, त्याच.

उपासना संपल्यावर एक आजी माझ्याकडे आल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात स्टीलचा तांब्या.

"कुठली गं बाळा तू?"

"आखाडा बाळापूरची."

"म्हंजे आपल्या हिंगोलीकडची. लांबून आलीस की. घे, पाणी पी."

मी पाणी प्यायले. पुढचा प्रश्न येईल म्हणून मनात उत्तराची जुळवाजुळव सुरू होती. पूर्ण नाव सांगायचं, की नुसतं पहिलं? सवयच लागलीय. आजी म्हणाल्या, "चहा घेऊनच जा. सकाळधरनं काही खाल्लंस का?"

तिसरा प्रश्न आलाच नाही.

कदाचित त्यांच्या लक्षात आलं नसेल. कदाचित त्या घरी जाऊन म्हणाल्या असतील, नाव विचारायचं राहिलंच. एका चहावरून मी कुठल्या समाजाला सर्टिफिकेट देणार नाही. पण पुण्याला परतताना बसमध्ये मी श्रीपतचा विचार करत होते. परक्याच्या घरी जेवला म्हणून ज्याला स्वतःच्या घरी पान वाढेनात, तो मुलगा. त्याच्या मोठ्या भावाला त्याच्यासाठी काही करता आलं नाही. म्हणून मग त्याने, जिथे कुणीही कुणाच्या हातचं पाणी पिऊ शकेल अशी एक जागा बनवायचा प्रयत्न केला. जमलं तेवढं जमलं.

बसमधून उतरल्यावर मी दोन गोष्टी केल्या. काकांना फोन केला, "जाऊन आले." आणि आमच्या फ्लॅटमध्ये रिकाम्या झालेल्या एका बेडसाठी जाहिरात टाकली. त्यात भाडं लिहिलं, डिपॉझिट लिहिलं, पाणी चोवीस तास लिहिलं. काल एका मुलीचा फोन आला. मी तिला तीन गोष्टी विचारल्या: ऑफिस कुठे आहे, कधीपासून यायचंय आणि चहा लागतो की कॉफी.

जायचंय?

कसं जाल: मुंबईहून नांदेडकडे जाणाऱ्या तपोवन आणि देवगिरी एक्स्प्रेस जालन्याला थांबतात. छत्रपती संभाजीनगरहून रस्त्याने साधारण ६० किलोमीटर. समृद्धी महामार्गही जालन्याजवळून जातो.

कधी जाल: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मराठवाड्याच्या उन्हाशी मे महिन्यात पंगा घेऊ नका. उपासना बघायची तर रविवारी सकाळी. आधी विचारा, मागे बसा, मोबाइल सायलेंटवर ठेवा आणि फोटो काढू नका.

अजून काय बघाल: अंबडची मत्स्योदरी देवी, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. दोन दिवस असतील तर मंठा-जिंतूरमार्गे औंढा नागनाथ आणि तिथून नरसी.

काय खाल: ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मोसंबीचा सीझन असेल तर रस प्या, बर्फाशिवाय.

काय न्याल: रिकामी पाण्याची बाटली. कुणीतरी भरून देईलच.